ओकावांगोत मांगूर झुंडीनं का धावतात?

वर्धाकाठचा: ऑक्टोबरात आफ्रिकेतल्या बोट्सवानात, शाकावे गावाजवळ ओकावांगो नदीत होडीनं फिरत होतो. पपायरसच्या, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या उंच लव्हाळ्याच्या, दाट बेटातून आवाज यायला लागला, घाटावर बायका धुणं आपटताहेत तसा. जवळ गेलो तर पाणी मिशाळ माशांनी नुसतं खदखदत होतं. काठ धरून सगळे प्रवाहाविरुद्ध चाललेले, वर बगळे अन् मत्स्यगरुड टपून. होडीवाला म्हणाला, ‘बार्बल रन’, म्हणजे मिशाळ माशांची धाव. लहानपणी वर्धा नदीच्या डोहात आम्ही मांगूर धरायचो. तो चिखलात एकटा दडणारा. हे दिसायला तसेच, मग झुंड कशाला? अंडी घालायला चालले होते का?

माउनची ताई: नाही दादा, ती शिकार. अंगोलातल्या पावसाचा पूर इथे पसरतो, तेव्हा बारके मासे गवताळ पाणथळीत शिरतात. ऑगस्टनंतर पाणी उतरलं की त्यांना मुख्य पात्रात परतावंच लागतं. त्यातले बुलडॉग मासे दिवसा पपायरसच्या मुळ्यांत लपतात. मांगूर तिथेच डोकं खुपसतात. शेपट्या देठांवर आपटतात, तोच तुम्ही ऐकलेला आवाज. झुंडीत दोन जाती असतात, क्लॅरियस गॅरिपायनस आणि क्लॅरियस न्गामेन्सिस. अंडी मात्र पावसाळ्यात, रात्री, नव्यानं बुडालेल्या गवतावर. ती पात्यांना चिकटतात, आईबाप राखण करत नाहीत. मी अकरा वर्षं इथे आहे, तरी तो आवाज आला की हातातलं काम सोडून बघत बसते.

तळेवाला: यातला गॅरिपायनस म्हणजे आपल्याकडे ‘थाई मागूर’ म्हणून विकतात तोच. नाव थाई, मूळ आफ्रिकेचं. केंद्रानं 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी चोरून पाळतात. दीड मीटरपर्यंत वाढतो, मिळेल ते खातो. कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो, त्यानं हवेत श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. तळ्यातून निसटला की आपल्या देशी मांगराची गत वाईट. तुमच्या डोहातला तो देशी, ही जात वेगळी. कृपा करून कुणी हा विकत घेऊ नका.

वर्धाकाठचा: म्हणूनच होडीच्या तळाशी पडलेला एक संध्याकाळपर्यंत जिवंत होता! सोडला तो. ताई, जानेवारीत रात्री गवतात अंडी बघायला उतरलं तर चालेल?

माउनची ताई: अजिबात नको. मगरी आणि पाणघोडे त्याच काठावर असतात. सकाळी होडीवाल्याला घेऊन जा, पात्यांवर दाणे दिसतात का बघा. उशीर नको, एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात.