आबांना लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) निघाला. आयुष्यभराच्या फवारणीमुळे असेल का?

चोपड्याचा कपाशीवाला
राम राम मंडळी. आमची चोपडा तालुक्यात कपाशी अन् थोडी केळी. आबांच्या मानेला गाठ आली होती. दुखत नव्हती म्हणून राहू दिली, मग वाढायला लागली. जळगावला बायोप्सी केली तर नॉन-हॉजकिन लिम्फोमा निघाला. आबांनी तरुणपणी बीएचसी ही कीड मारायची पावडर फडक्याच्या पुरचुंडीतून हातानं धुरळली, पुढे कपाशीवर एन्डोसल्फान, मोनोक्रोटोफॉस मारलं. त्यामुळे झालं का? डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येत नाही. आता पंप माझ्या पाठीवर आहे अन् घरात लहान पोरगी आहे. दुकानदार म्हणतो, बाटलीवर हिरवा त्रिकोण आहे, काही होत नाही.

अमळनेरचा कृषी केंद्रवाला
भाऊ, डॉक्टर खरं बोलले. एका माणसाचा कॅन्सर नेमका कशानं झाला हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुमची शंका बिनबुडाची नाही. बीएचसीमध्ये कीड मारणारा मुख्य घटक लिंडेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, आणि तेही नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्याच पुराव्यावर. मॅलाथिऑन हे कीटकनाशक अन् ग्लायफोसेट हे तणनाशक त्याच वर्षी खालच्या, 'बहुधा कॅन्सरकारक' गटात गेले. ग्लायफोसेटवर वाद आहे. आयोवा अन् नॉर्थ कॅरोलायनातल्या फवारणाऱ्यांवर १९९३ पासून मोठा अभ्यास चालू आहे, त्यात २०१८ साली त्याचा लिम्फोमाशी संबंध दिसला नाही. म्हणून सगळी औषधं एका मापात मोजू नका.

त्रिकोणाचं मात्र डोक्यातून काढा. औषध पोटात गेलं किंवा अंगावर सांडलं तर किती जहाल, एवढंच तो रंग सांगतो. पुढे वीस वर्षांनी काय होईल याचा त्याच्याशी संबंध नाही. मी स्वतः औषध विकतो, पण हिरवा त्रिकोण दाखवून कुणाला निर्धास्त करणं मला पटत नाही.

लोक तोंडाला रुमाल बांधतात, पण फवारताना औषध जास्त करून कातडीतून आत जातं. अन् सगळ्यात वाईट वेळ औषध कालवायची. बाटलीतलं औषध पाणी न घातलेलं, तीव्र असतं आणि आपल्याकडे सरळ ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळतात! काठी घ्या, नायट्राइल रबराचे हातमोजे घाला. कापडी मोजे औषध पिऊन कातडीला चिकटून राहतात. पंपाच्या झाकणाचा वायसर गेला की पाठीवरून ओघळ जांघेपर्यंत येतो, तिथली कातडी औषध सर्वात जास्त शोषते. वायसर काही रुपयांत मिळतो, फवारणी सुरू व्हायच्या आधीच बदला. कपाशी छातीला लागली की फवारलेल्या ओल्या ओळीत शिरू नका, वारा पाठीशी ठेवा. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, तेव्हाही कपाशी माणसाच्या उंचीला आलेली होती.

यावलची सून
दादा, कपड्यांचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे फवारणीचे कपडे पोराच्या कपड्यांतच पडायचे, ते मी बंद पाडलं. ते कपडे आता बाहेर न्हाणीपाशी वेगळ्या बादलीत पडतात. हातमोजे घालून गरम पाण्यात दोनदा धुते अन् उन्हात वाळवते. आंघोळ झाल्याशिवाय पोराला उचलायचं नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. रिकाम्या डब्यात पाणी भरत नाही, त्यांना भोकं पाडून टाकते.

धुळ्याचा नाना
आबाले धीर देजो भाऊ. फवारणीच्या मधे तंबाखू मळणं आधी सोडा. तोंडाच्या कॅन्सरला तंबाखू एकटी पुरते, अन् त्याच हातानं औषधही पोटात जातं.

चोपड्याचा कपाशीवाला
वायसर आजच आणतो. आबांच्या केमोचं काय करावं? खर्चाची धास्ती आहे.

अमळनेरचा कृषी केंद्रवाला
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते. रेशन कार्ड, आधार अन् बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. अन् आबांनी कोणती औषधं किती वर्षं मारली, ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या फाइलीत लावायला सांगा. या आजाराच्या बऱ्याच प्रकारांत केमो चांगली लागू पडते, उशीर तेवढा करू नका.