चीनमधली सात जणांची समिती: सामूहिक नेतृत्व उरलं आहे का?

चावडीकर

चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे दहा कोटींहून जास्त सदस्य आहेत. त्यांच्यावर २०२२ मध्ये निवडलेली २०५ जणांची केंद्रीय समिती, तिच्यावर २४ जणांचा पॉलिटब्यूरो आणि सगळ्यांत वर सात जणांची स्थायी समिती. पक्षाच्या घटनेनुसार वरची मंडळं केंद्रीय समिती निवडते. प्रत्यक्षात नावं वर ठरतात आणि खालच्यांनी फक्त हात वर करायचे. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

माझं म्हणणं असं, की माओनंतर या सात-नऊ जणांना निदान आपसात एकमेकांना अडवता येत होतं. तेही आता संपलं.

ऑगस्ट १९८० मध्ये देंग शिआओपिंग यांनी पक्षनेत्यांपुढे भाषण केलं. सगळी सत्ता एकाच हातात जाणं आणि मरेपर्यंत पद न सोडणं, हे दोन रोग त्यांनी उघड बोलून दाखवले. १९८२ मध्ये पक्षाध्यक्ष हे पदच रद्द झालं. सरचिटणीस उरले. घटनेप्रमाणे त्यांचं काम पॉलिटब्यूरोच्या आणि स्थायी समितीच्या बैठका बोलावणं आणि सचिवालय चालवणं. पुढे वयाची अलिखित रूढी पडली: पक्षाच्या दर पाच वर्षांनी होणाऱ्या अधिवेशनाच्या वेळी ६७ असाल तर राहा, ६८ झालात तर घरी जा.

२०१७ मध्ये पॉलिटब्यूरोच्या सदस्यांनी दरवर्षी केंद्रीय समितीला आणि सरचिटणिसांना लेखी अहवाल द्यायचा असं ठरलं. बरोबरीचे सहकारी एकमेकांना असा अहवाल देतात का? तो साहेबाला देतात. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा उठली. संसदेत बाजूने २९५८ मतं, विरोधात दोन. २०२२ मध्ये ६७ वर्षांचे पंतप्रधान ली केकियांग आणि वांग यांग स्थायी समितीतून बाहेर पडले, ६९ वर्षांचे शी जिनपिंग राहिले. यानंतर या समितीला सामूहिक नेतृत्व कसं म्हणायचं?

गिरणगावकर

असहमत. जो काळ कधी नव्हताच त्याच्या आठवणीने तुम्ही हळहळताय.

माओनंतर देंग स्वतः कधीच सरचिटणीस नव्हते. तरी जानेवारी १९८७ मध्ये सरचिटणीस हू याओबांग यांना जावं लागलं, १९८९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या झाओ झियांग यांना. मे १९८९ मध्ये झाओंनी गोर्बाचेव्ह यांना सांगितलं की महत्त्वाच्या प्रश्नांवर अजून देंग यांचाच शब्द लागतो. तेव्हा देंग स्थायी समितीत नव्हते, सैन्य ज्याच्या हाताखाली असतं त्या लष्करी आयोगाचे प्रमुख होते. म्हणजे समितीत नसलेला माणूस समितीच्या वर. हे सामूहिक नेतृत्व?

आता हू जिंताओंचा काळ (२००२ ते २०१२) घ्या. समिती नऊ जणांची होती आणि प्रत्येकाचं खातं म्हणजे त्याची जहागीर. पोलीस आणि न्यायव्यवस्था झोऊ योंगकांग यांच्याकडे. दुसऱ्याच्या कुंपणात डोकवायचं नाही, असा सगळा कारभार. हेच झोऊ २०१५ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात जन्मठेपेला गेले. एवढ्या मोठ्या देशात वर नऊ दिशांना तोंडं असतील तर खालच्या माणसाने दाद मागायची कुणाकडे? मी लाल बावट्याच्या युनियनमध्ये वाढलो. चर्चा हवी तेवढी करा, पण एकदा ठरलं की एकाच आवाजात बोला, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात.

चावडीकर

देंग यांच्याबद्दलचा मुद्दा मान्य. माझं वाक्य जरा जास्तच ठाम झालं होतं.

पण "ठरलं की एका आवाजात" यात ठरण्याआधी कुणाला "नाही" म्हणता येतं का, तिथेच सगळं अडतं. १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत पेंग दहुआई यांनी 'मोठी झेप' या माओंच्या उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या मोहिमेतल्या चुकांबद्दल माओंना पत्र लिहिलं. ते संरक्षणमंत्री होते, कोरियाच्या युद्धातले सेनापती होते. त्यांचं पद गेलं. बाकीच्यांनी तोंडं मिटली आणि दुष्काळ पुढे चालू राहिला. कोट्यवधी माणसं मेली. वरच्या खोलीत एक पत्र पचवलं गेलं असतं तर त्यातली किती वाचली असती, हा विचार मला सोडत नाही.

वांगपूकाठची

मी २०२२ मध्ये शांघायमध्ये होते. एप्रिल आणि मे असे दोन महिने घरात कोंडून काढले. आमच्या इमारतीत भाजीच्या पिशव्या केव्हा येतील ते कुणालाच माहीत नसायचं. शेजारच्या आजी रोज खिडकीतून मला विचारायच्या, तुझ्याकडे तांदूळ आहेत ना?

तेव्हा शहराचे पक्षप्रमुख ली कियांग होते. ऑक्टोबरमध्ये ते स्थायी समितीत दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि पुढच्या मार्चमध्ये पंतप्रधान झाले. आधी उपपंतप्रधानपदाचा एक दिवसाचाही अनुभव नाही. आमच्या इमारतीतल्या चिनी मैत्रिणी यावर मोठ्याने काही बोलल्या नाहीत. चेहऱ्यावर मात्र वाचता येत होतं.

गिरणगावकर, तुम्ही दाद मागायचं म्हणता. आम्ही कुणाकडे मागायची होती?

गिरणगावकर

तुम्ही जे सोसलं त्यावर मी वाद घालणार नाही. एवढंच म्हणेन की शून्य-कोविडचं धोरण बीजिंगचं होतं. ली कियांग यांनी ते राबवलं. एकट्या शहरप्रमुखावर खापर फोडणं बरोबर नाही. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये धोरण बदललंच की.

वांगपूकाठची

बदललं, पण केव्हा? शिनजियांगमधल्या उरुमची शहरात इमारतीला लागलेल्या आगीनंतर लोक निषेध म्हणून कोरे कागद घेऊन रस्त्यावर आले, त्यानंतर. आणि शहरप्रमुखाच्या हातात काही नव्हतं असं तुम्हीच म्हणताय. मग चावडीकरांचं म्हणणं आणखी पक्कंच होतं ना?

उगवतीचा_वाटसरू

इथे वारसाबद्दल कुणीच बोललं नाही. मला तोच खरा धोका वाटतो.

हू जिंताओ १९९२ मध्येच स्थायी समितीत आले, दहा वर्षांनी सरचिटणीस झाले. शी आणि ली केकियांग २००७ मध्ये आले, पाच वर्षांनी वर चढले. त्या आधीच्या वर्षांत लोकांना, अधिकाऱ्यांना, बाहेरच्या देशांना पुढचा माणूस दिसत होता. आजच्या सातांत सगळ्यांत तरुण डिंग श्वेशियांग. त्यांचा जन्म १९६२ चा. २०२७ च्या अधिवेशनात ते ६५ चे असतील, शी ७४ चे. शींच्या मागे कोण आहे ते कुठेच दिसत नाही.

गिरणगावकरांच्या एका आवाजाचा प्रश्न इथेच येतो. तो एक आवाज अचानक थांबला तर काय? १९७६ मध्ये माओ गेले आणि महिनाभरात त्यांच्या पत्नीसह 'चौकडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार नेत्यांना अटक झाली. तेव्हाही घटना होती, समिती होती, नियम होते.

गिरणगावकर

हा मुद्दा मला पटतो. वारस न ठरवणं ही संघटनेची चूक आहे आणि मी ती झाकणार नाही. पण घोषित वारसांचं काय झालं तेही आठवा. माओंनी लिन बियाओ यांचं नाव थेट पक्षाच्या घटनेत घातलं होतं. १९७१ मध्ये त्यांचं विमान मंगोलियात कोसळलं. नाव आधी जाहीर झालं की त्या माणसाभोवती टोळी जमते.

उगवतीचा_वाटसरू

म्हणूनच मी नाव जाहीर होण्याची वाट बघत नाही. माझं लक्ष लष्करी आयोगावर आहे. हू जिंताओ १९९९ मध्ये त्याचे उपाध्यक्ष झाले, शी २०१० मध्ये. दोघेही गणवेशातले नव्हते आणि दोघांच्याही बाबतीत पुढचा माणूस कोण हे त्या नेमणुकीने पक्कं झालं. २०१२ नंतर गणवेशाबाहेरचा उपाध्यक्ष झालेलाच नाही. ती खुर्ची भरली की आपण पुन्हा इथे बोलू.