खलनायिका, सावली की प्रतिनायिका? ‘प्रिन्सेस टूटू’मधील क्रेहेला मराठीत काय म्हणावे

विचारणा

‘प्रिन्सेस टूटू’ या जपानी ॲनिमे मालिकेवर मी मराठीत एक लेख लिहीत आहे आणि त्यातील एका शब्दापाशी अडलो आहे. मालिका २००२ ते २००३ या काळात प्रसारित झाली. तिचे कथानक ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजपुत्र आणि डोमकावळा यांची एक गोष्ट लिहिता लिहिता ड्रॉसेलमेयर नावाचा लेखक मरण पावतो आणि गोष्टीतील दोघेही पुस्तकाबाहेर येतात. डोमकावळ्याला बंदिस्त करण्यासाठी राजपुत्र म्यूतो स्वतःच्या हृदयाचे तुकडे करतो, त्यामुळे त्याला कोणतीच भावना उरत नाही. आहिरू नावाचे एक साधे बदक ड्रॉसेलमेयरने दिलेल्या पदकामुळे मुलगी बनते, वेळप्रसंगी राजकन्या टूटूचे रूप घेते आणि ते तुकडे एकेक करून राजपुत्राला परत मिळवून देते. तिच्या विरोधात उभी राहते ती रू. ही आहिरूच्याच नृत्यशाळेतील हुशार विद्यार्थिनी असून पुढे ती काळ्या वेशातील राजकन्या क्रेहे होते.

या क्रेहेला लेखात ‘खलनायिका’ म्हटले तर फार ढोबळ वाटते. ‘क्रेहे हे टूटूचे प्रतिबिंब आहे’ असे लिहिले तर वाक्य गुळगुळीत होते आणि अर्थ मात्र निसटतो. विरोध आणि साम्य या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सांगणारा, मराठीत सहज वापरता येईल असा शब्द कोणता?

पहिले उत्तर

आपण ‘खलनायिका’ टाळता आहात ते योग्यच आहे. ‘खल’ हा स्वभाव सांगणारा शब्द आहे. दुसऱ्याचे वाईट व्हावे हीच ज्याची वृत्ती, तो खल. ज्ञानेश्वरांनी पसायदानात ‘खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणे मागितले तेव्हा खळ आणि त्याचा वाकडेपणा या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या. रोजच्या मराठीत मात्र ‘खलनायक’ म्हटले की माणूस आणि त्याचा वाकडेपणा एकच होऊन बसतो. रूच्या बाबतीत ते खरे नाही. हृदय नसलेला म्यूतो सांगितले की ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ असे म्हणतो आणि तेवढ्यावर ती जगत असते. हृदय परत आले की तो तसे म्हणेल का, ही तिची भीती आहे आणि तिच्या सगळ्या दुष्कृत्यांचे मूळ त्या भीतीत आहे.

माझ्या मते आपल्याला हवा असलेला शब्द ‘प्रतिनायिका’ हा आहे. ‘प्रतिनायक’ ही संस्कृत नाट्यशास्त्रातील संज्ञा आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे वर्णन लोभी, धीरोद्धत, ताठर, पापकर्म करणारा आणि व्यसनी असा शत्रू असे येते, आणि रामाचा प्रतिनायक रावण हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. हे वर्णन क्रेहेला फारसे लागू पडत नाही, हे मान्य आहे. परंतु ‘प्रति’ या उपसर्गाने मराठीत पुढे जो प्रवास केला आहे तो आपल्या उपयोगाचा आहे.

‘प्रतिकार’, ‘प्रतिपक्ष’ या शब्दांत ‘प्रति’ निव्वळ विरोध दाखवतो. ‘प्रतिमा’, ‘प्रतिध्वनी’, ‘प्रतिपंढरपूर’ यांत तो निव्वळ सारखेपणा दाखवतो, कारण एखाद्या गावाला प्रतिपंढरपूर म्हणताना त्या गावाचे मूळ पंढरपुराशी वैर आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. पण तिसराही एक गट आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी निर्माण केली ती प्रतिसृष्टी. बेचाळीसच्या आंदोलनानंतर सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले ते प्रतिसरकार. ते इंग्रज सरकारच्या विरोधात होते आणि तरीही सरकारसारखेच न्यायनिवाडे करीत होते. किंबहुना ते सरकारसारखे होते म्हणूनच त्याचा विरोध इतका झोंबणारा होता. या शब्दांत साम्य हेच विरोधाचे हत्यार झालेले दिसते. ‘प्रतिनायिका’ हा शब्द आपण या तिसऱ्या गटात वापरावा, असे मी सुचवतो.

दुसरे मत

शब्द चांगला आहे, पण जड आहे. ‘क्रेहे म्हणजे टूटूची सावली’ असे का म्हणू नये? काळा वेश, तीच नृत्यभाषा आणि नायिकेच्या मागोमाग येणे हे सगळे ‘सावली’त येते. लेख ॲनिमे पाहणाऱ्या तरुण वाचकांसाठी असेल तर त्यांना धनंजयापर्यंत नेण्याचे कारण मला दिसत नाही.

त्यावर प्रत्युत्तर

वाचकाला धनंजयापर्यंत नेण्याची गरज नाही, हे खरे. ते चर्चेपुरते होते. ‘सावली’बद्दल मात्र माझ्या दोन हरकती आहेत. मराठीत सावली हा बव्हंशी सुखाचा शब्द आहे. उन्हातून आलेल्या माणसाला ती हवीशी असते, आणि आधार देणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही आपण सावली म्हणतो. अशुभाची छटा हवी असेल तर आपण ‘सावट’ किंवा ‘पडछाया’ म्हणतो. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. सावलीला स्वतःची इच्छा नसते आणि वस्तू हलली तरच सावली हलते. या मालिकेत उलट अनेकदा क्रेहे आधी पाऊल उचलते आणि टूटूला तिला उत्तर द्यावे लागते. तेराव्या भागात तर क्रेहे टूटूला अशा कोंडीत पकडते की प्रेमाची कबुली शब्दांत द्यावी तर कथेच्या नियमानुसार टूटू प्रकाशकण होऊन नाहीशी होणार आणि न द्यावी तर राजपुत्र जाणार. टूटू ती कबुली एकही शब्द न उच्चारता, जोडीदाराविना नाचून देते. मालिकेतील नायिकेचा हा सर्वांत मोठा क्षण प्रतिस्पर्धिनीने घडवून आणलेला आहे. सावली एवढे करीत नाही.

आणखी एक उत्तर

मी बॅले आणि अलंकारशास्त्र या दोन्ही विषयांचा हौशी वाचक असल्याने मूळ विचारणेतील ‘प्रतिबिंब’ या शब्दाची थोडी बाजू घेऊ इच्छितो.

क्रेहेचे मूळ ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये आहे, हे ती मालिका पाहणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल. त्या बॅलेत शापाने हंस झालेली ओदेत आणि तिचे रूप घेऊन राजपुत्राला फसवणारी ओदील अशा दोन स्त्रिया आहेत. १८९५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे चायकोव्स्कीची ही रचना नव्याने बसवली गेली तेव्हा पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने दोन्ही भूमिका केल्या, आणि दोन्ही भूमिका एकाच नर्तिकेने करण्याची प्रथा आजही चालू आहे. (ओदीलचा काळा पोशाख ही पुष्कळ नंतरची रूढी आहे. आता मात्र तो नसेल तर प्रेक्षकांना चुकल्यासारखे वाटते.) त्यामुळे ओदील हे ओदेतचे प्रतिबिंब आहे, असे म्हणताना आपण शब्दशः खरे बोलत असतो. शरीर एकच आणि रूपे दोन.

‘प्रिन्सेस टूटू’ने नेमके येथेच वळण घेतले आहे. टूटू आणि क्रेहे ही एकाच देहाची दोन रूपे नाहीत, त्यांना दोन स्वतंत्र आणि एकमेकींच्या उलट दिशेने जाणाऱ्या कथा आहेत. आहिरू मुळात पक्षी आहे आणि काही काळ माणूस होते. रू मुळात माणूस आहे, पण आपण डोमकावळ्याची मुलगी आहोत, विद्रूप मानवी देहात जन्मलेली कावळी आहोत, असे तिला लहानपणापासून सांगण्यात आलेले असते. ‘क्रेहे’ या जर्मन शब्दाचा अर्थ कावळा आणि ‘आहिरू’ या जपानी शब्दाचा अर्थ बदक. एकीला आपले पक्षीपण लपवावे लागते आणि दुसरीवर नसलेले पक्षीपण लादलेले असते. दोघीही एकाच राजपुत्रावर प्रेम करतात. एकीला ते बोलून दाखवता येत नाही. दुसरी ते बोलते, पण तिचा त्याच्या उत्तरावर विश्वास बसत नाही. एकीच्या गळ्यातले पदक हाच राजपुत्राच्या हृदयाचा शेवटचा तुकडा निघतो, तर दुसरीने त्याच हृदयाचा प्रेमाचा तुकडा डोमकावळ्याच्या रक्तात बुडवलेला असतो.

आपल्या अलंकारशास्त्रात अशा नात्याला नेमका शब्द आहे. दृष्टांत अलंकारात दोन स्वतंत्र विधाने शेजारी ठेवलेली असतात, ‘सारखे’ किंवा ‘जणू’ असा दुवा नसतो आणि तरीही एकाचा प्रत्येक अवयव दुसऱ्यातील अवयवाशी जुळतो. याला बिंबप्रतिबिंबभाव म्हणतात. येथे बिंब कोणते आणि प्रतिबिंब कोणते हा प्रश्न दुय्यम असतो, कारण दोन्ही विधाने आपापल्या जागी पूर्ण असतात. तेव्हा ‘क्रेहे हे टूटूचे प्रतिबिंब आहे’ असे न लिहिता ‘टूटू आणि क्रेहे यांच्यात बिंबप्रतिबिंबभाव आहे’ असे लिहिले तर आपले वाक्य अचूक होईल. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात हा शब्द घालू नये, एवढी सूचना मात्र करतो. दोन-तीन उदाहरणे आधी वाचकाच्या हाती द्यावीत आणि मग शब्द आणावा.

पूरक प्रश्न

याच जातकुळीच्या अन्य मालिकांनाही हा शब्द लागू होईल का? उदाहरणार्थ, २०१० सालच्या ‘हार्टकॅच प्रीक्युअर!’मधील डार्क प्रीक्युअर, किंवा २०११ सालच्या ‘मादोका मागिका’मधील चेटकिणी. ‘खलपात्र हा नायिकेचा आरसा असतो’ हे विधान या सर्वांबद्दल एका दमात केले जाते, म्हणून विचारतो.

उत्तर

तिन्ही ठिकाणी आरसा हा शब्द वापरला तर तीन निराळी नाती एका टोपलीत पडतात. डार्क प्रीक्युअर ही त्या मालिकेतील एक नायिका क्युअर मूनलाइट हिच्यावर म्हणजे युरीवर मात करण्यासाठी मुद्दाम घडवलेली आहे, आणि घडवणारा मुखवटाधारी साबाकू हा युरीचा हरवलेला पिताच निघतो. म्हणून तिला ‘प्रतिकृती’ किंवा ‘प्रतिरूप’ म्हणावे. येथे बिंब कोणते याबद्दल संशय नाही, आणि तेच तिचे दुःख आहे. पाठीवर एकच काळा पंख घेऊन ती वावरते आणि मूनलाइटला हरवल्याखेरीज आपले अस्तित्व पूर्ण होणार नाही, असे मानते. शेवटी पिता तिला मुलगी म्हणून जवळ घेतो आणि ती शांतपणे विरून जाते. त्या प्रसंगानंतर तिला ‘पाठची बहीण’ म्हणावेसे वाटते. मराठीतील ‘पाठची’ या साध्या विशेषणात मागून येणे आणि एकाच घरचे असणे या दोन्ही गोष्टी आहेत, त्यामुळे अशा पात्रांसाठी तो शब्द मला फार आवडतो.

‘मादोका मागिका’चे प्रकरण निराळे आहे. तेथील चेटकीण ही नायिकेची प्रतिमाही नाही आणि प्रतिस्पर्धीही नाही. ती तिचीच पुढची अवस्था आहे. आशा संपली की मायाकन्येची, म्हणजे जादूची शक्ती लाभलेल्या मुलीची, चेटकीण होते, एवढेच. मूळ जपानीत हे अक्षरांतच दडलेले आहे, कारण ‘माहो शोजो’ (मायाकन्या) या शब्दाच्या चार चित्राक्षरांपैकी पहिले आणि शेवटचे उचलून शेजारी ठेवले की ‘माजो’ म्हणजे चेटकीण असा शब्द तयार होतो. मराठीत ते साधायचे असेल तर ‘मायाकन्या’ आणि ‘मायाविनी’ अशी जोडी घेता येईल. ‘मायावी’ म्हटले की आपल्याला मारीच आठवतो आणि ‘माया’ म्हटले की आईची आठवते, हा योगायोगही उपयोगी पडेल. येथे आरसा नको, ‘परिणती’ हा शब्द हवा.

आरशाबद्दल शेवटची गोष्ट. मराठीत ‘आरसा दाखवणे’ म्हणजे समोरच्याला त्याचे दोष लक्षात आणून देणे. क्रेहे टूटूला तिचे दोष दाखवत नाही. टूटू ही एक बदक आहे हे ती जाणते तेव्हा तिच्या बोलण्यात हिणवणे असते, दोषदर्शन नसते. तेव्हा ‘क्रेहे टूटूला आरसा दाखवते’ हे वाक्य मराठी वाचकाला भलत्याच अर्थाने समजण्याचा धोका आहे.

मूळ विचारणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. मी ‘प्रतिनायिका’ स्वीकारतो आणि बिंबप्रतिबिंबभावाचा उल्लेख लेखाच्या उत्तरार्धात करतो. एकच शंका उरते. ‘प्रतिनायिका’ ऐकल्यावर नायकाच्या प्रेमातील दुसरी स्त्री, असा अर्थ वाचक घेतील का?

समारोपाचे नव्हे, व्याकरणाचे टिपण

घेतील, आणि या मालिकेत त्याने काही बिघडत नाही, कारण रू तीही आहेच. परंतु लिहिताना षष्ठीकडे लक्ष द्यावे. खलनायिका ही कथेची असते, म्हणून ‘मालिकेची खलनायिका’ असे आपण म्हणतो. प्रतिनायिका ही मात्र दुसऱ्या कोणाची तरी असते, म्हणून ‘मालिकेची प्रतिनायिका’ असे लिहिण्यापेक्षा ‘टूटूची प्रतिनायिका’ असे लिहावे. त्यामुळे नाते वाक्यातच येते आणि ‘आरसा’, ‘प्रतिबिंब’ असे शब्द पुन्हा पुन्हा आणावे लागत नाहीत.

रामाचा प्रतिनायक रावण म्हणता येते, पण रावणाचा प्रतिनायक राम असे परंपरेत कोणी म्हणत नाही, कारण कथा रामाची आहे. येथे तो नियम मोडतो. अखेरीस रू डोमकावळ्याच्या पोटात गडप होते, हृदय परत मिळालेला राजपुत्र तिला सोडवतो आणि आपली राजकन्या म्हणून तिलाच निवडतो. आहिरू पदक देऊन टाकते आणि पुन्हा बदक होते. ड्रॉसेलमेयरची अर्धवट राहिलेली गोष्ट राजकन्येच्या बाजूने वाचली तर तिची नायिका रू ठरते. तेव्हा आपल्या लेखाच्या पूर्वार्धात ‘टूटूची प्रतिनायिका क्रेहे’ आणि शेवटच्या भागांविषयी लिहिताना ‘रूची प्रतिनायिका टूटू’ असे दोन्ही प्रयोग केले, तर ते व्याकरणाने शुद्ध आहेत आणि कथानकालाही धरून आहेत.