चौतिसाव्या वर्षी जीएनएम: वर्ग सुरू व्हायच्या आधीच हातपाय गार पडलेत

कुणकेश्वरची सून

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला, प्रवेश मिळालाय. फी भरून झाली, हॉस्टेलची खोली मिळाली, युनिफॉर्मचं मापसुद्धा देऊन आले. वयोमर्यादा ३५ आणि मी ३४ ची, म्हणजे सुटत्या एसटीचा दांडा धरून चढल्यासारखंच झालं. आता चढले आहे तर पोटात गोळा येतोय.

थोडं मागचं सांगते. माझी बारावी कॉमर्सची, तीही देवगडात, लग्नाच्या आधीची. नवरा बोटीवर असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तो घरी, एरवी त्याचा भरवसा नाही. मुलगा सातवीत आहे, तो सासूबाईंजवळ राहणार. सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं मीच केलं: दर दोन तासांनी कूस बदलणं, नाकातल्या नळीतून गाळलेली पेज देणं, लघवीची पिशवी. उपकेंद्राच्या सिस्टर यायच्या. त्यांनी एकदा सासऱ्यांची पाठ बघितली आणि म्हणाल्या, "इतके दिवस झोपून आहेत आणि एक फोड नाही. तू हे शिकत का नाहीस?" तेवढ्यावर हा उद्योग सुरू झाला.

ते गेल्यानंतर फॉर्म भरला तेव्हा काही वाटलं नाही. आता रात्री तीनला जाग येते. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या. पुस्तकं इंग्रजी. आणि खरं सांगायचं तर रक्त. टोपलीभर बांगडे साफ करते, हात रक्ताने भरले तरी काही नाही. पण मुलाला हनुवटीवर टाके घालत होते तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मला बाहेर बाकावर नेऊन बसवावं लागलं. अशी बाई नर्स होणार?

मोठ्या वयात कोणी हे केलं असेल तर सांगा. "आत्मविश्वास ठेव" सोडून काहीही चालेल.

तांडेल

गो बाय, घाबरा नको. सासऱ्याचा इतक्या केलंस, आता आणखी काय व्हया? पोराची काळजी करा नको. ज्याची आजी घरात आसा ता पोर उपाशी रवणा नाय. रत्नागिरीक जाताना मालवणी खाजा घेवन जा, पयल्याच दिवशी वाट. सगळी चेडवा तुझ्याच खोलीत येतली.

रात्रपाळी

मी बत्तीसची असताना जीएनएमला बसले. आता कुडाळला एका खाजगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला आहे. आमच्याकडे विद्यार्थिनी पोस्टिंगला येतात, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात.

इंग्रजीचं आधी उरकते, कारण ती भीती सगळ्यात लवकर जाते. शब्द लांबलचक दिसतात, पण तुकडे ठरलेले असतात. 'नेफ्र' आला की मूत्रपिंड, 'हेपॅट' आला की यकृत, शेवटी 'आयटिस' आला की दाह. असे पन्नासेक तुकडे वहीत उतरवलेस की निम्मं पुस्तक आपोआप उघडतं. तुझ्या वर्गातल्या पोरींचं इंग्रजीही काही फार वेगळं नसणार, त्याही आपल्याच शाळांतून येतात.

आता महत्त्वाचं. वॉर्डात नवी बॅच आली की त्यातली मोठ्या वयाची कोण, हे मी तोंड न बघता सांगते. जी काही विचारत नाही ती. अठराची पोरगी बेधडक विचारते, "सिस्टर, कॅन्युला गुलाबी घेऊ का निळी?" (कॅन्युला म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायची बारीक नळी. गुलाबी वीस नंबरची, निळी बावीसची, सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं.) मोठीला वाटतं, एवढा संसार केलेली बाई मी, हे विचारलं तर काय म्हणतील. मग ती शेजारणीच्या हाताकडे बघून करते. स्वयंपाकघरात हे चालतं, वॉर्डात नाही. शेजारणीने औषधाच्या चुकीच्या बाटलीतून भरलं तर तुझ्याही सिरिंजमध्ये तेच येणार. वयाची मला फक्त हीच अडचण दिसते, बाकी सगळी फायद्याची. तेव्हा पहिल्या दोन-चार दिवसांतच सगळ्यांसमोर एखादा अगदी बावळट प्रश्न विचारून टाक. बेडपॅन कुठे ठेवतात, हा चालेल. एकदा अब्रू गेली की मोकळं वाटतं, आणि जाते म्हणावं तर जातही नाही.

फायदे म्हणजे कसले ते ऐक. पावसाळ्यात ताप घेऊन माणूस येतो. शहरातून आलेली विद्यार्थिनी तापमान लिहिते आणि पुढच्या खाटेकडे जाते. तू सहज विचारशील, लावणीला उतरला होतात का, पायाला कुठे चीर आहे का, गोठ्यात काम कोण करतं. लेप्टोच्या, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या, संशयाला डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं. हा प्रश्न पुस्तकातही आहे, पण म्हाताऱ्याला तो त्याच्या भाषेत विचारला की खरं उत्तर येतं.

सासऱ्यांचं जे केलंस त्यात पहिल्या वर्षाच्या फंडामेंटल्समधलं, म्हणजे नर्सिंगच्या पायाभूत विषयातलं, बरंच येऊन गेलं. फक्त घरची सवय तशीच्या तशी वॉर्डात नेऊ नकोस. नळीतून देण्याआधी नळी पोटातच आहे ना, हे दर वेळी तपासायचं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवायची, देऊन झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. घरी हे करतही असशील, पण इथे किती वाजता, किती मिली दिलं हे लिहायचंही असतं. लिहिलं नाहीस तर केलंच नाही असं धरतात.

आणि एक, आधीच सांगून ठेवते. नातेवाईक तुला वॉर्डातली मावशी, म्हणजे आया, समजणार. "मावशी, जरा चादर बदला हो." मला रोज म्हणायचे. राग यायचा, मग मी चादर बदलता बदलता पेशंटचं माकडहाड आणि टाचा बघून घ्यायला लागले, कुठे लाली धरली आहे का. राउंडला आमच्या इनचार्ज सिस्टरांना ती माहिती माझ्याकडून मिळायची. त्यानंतर मावशी म्हणा नाहीतर काकी म्हणा.

पोरींचं म्हणशील तर त्या ताई म्हणतील आणि पहिल्या महिन्यात घरची आठवण आली की तुझ्या खाटेवर येऊन रडतील. लाड कर, पण दहानंतर दार लावून अभ्यासाला बस. सगळ्यांची आई होऊ नकोस, एक मुलगा आहे तेवढा पुरे.

कुणकेश्वरची सून

रात्रपाळीताई, मी खरंच गप्प बसणाऱ्यातली आहे. प्रवेशाच्या वेळी कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे हेसुद्धा विचारलं नाही, पुढच्या मुलीच्या मागे उभी राहिले. रक्ताचं मात्र कोणी काही बोललं नाही. आणि औषधांची गणितं असतात म्हणे. ती जमतील ना?

खडू आणि फळा

रक्ताचं मी सांगते. नर्सिंग शाळेत ट्यूटर होते, आता निवृत्त आहे.

भीतीने छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रक्त बघून ज्यांना भोवळ येते त्यांच्यात नंतर उलटं होतं. नाडी मंदावते, रक्तदाब एकदम खाली येतो, डोक्याला रक्त कमी पोचतं आणि माणूस बसकण मारतो. म्हणून त्या वेळी "शांत हो, अंग सैल सोड" हा सल्ला उपयोगाचा नाही. करायचं ते उलट. मांड्या, पोट, दंड १० ते १५ सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा तापल्यासारखा वाटला की सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असं पाचेक वेळा. घरी खुर्चीत बसून रोज सराव कर, आधी टाक्यांचे फोटो बघत, मग व्हिडिओ बघत. वॉर्डात उभी असताना गुडघे ताठ लॉक करायचे नाहीत. आणि उपाशी पोटी ड्रेसिंगला कधी उभं राहायचं नाही, पेज पिऊन जायचं. तरीही घेरी आलीच तर "सिस्टर, मला बसावं लागेल" असं मोठ्याने सांगून भिंतीला टेकून खाली बसायचं. निर्जंतुक ट्रॉलीवर कोसळण्यापेक्षा ते कधीही बरं. माझ्या विद्यार्थिनींपैकी पडणाऱ्या पुष्कळ होत्या. त्यातल्या काही पुढे ऑपरेशन थिएटरला गेल्या.

गणित त्रैराशिकाच्या पुढे जात नाही. एक करून दाखवते. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं, सेट, म्हणजे सलाइनची नळी, मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, झाले १०,०००. ४ तासांची मिनिटं २४०. भागलंस की ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सेट मायक्रोचा असेल तर मिलीला ६० थेंब धरायचे. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय हिशोब करायचा नाही. तू कॉमर्सची, वर बोटीच्या डिझेलचा आणि बर्फाचा हिशोब ठेवत असणार. तुला हे अवघड जायचं कारण दिसत नाही.

वयाचं म्हणशील तर ही वाट नवी नाही. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, घर सांभाळलेल्या होत्या. त्या काळी घरचे लोक काय बोलले असतील ते बघता तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

रात्रपाळींशी एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. वयाची एकच अडचण, असं त्या म्हणतात. दुसरी आहे, हजेरीची. परीक्षेला बसायला ८० टक्के लागते आणि प्रमाणपत्र हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकांची १०० टक्के भरून द्यावी लागते. राहिलेल्या ड्युट्या नंतर कराव्या लागतात. घर-संसार असलेल्या मुलींचे दिवस इथेच जातात: मुलाला ताप, घरी गणपती, शिमग्याला पालखी आली. कोणत्या रजा घ्यायच्या आणि कोणत्या घ्यायच्याच नाहीत, हे घरात आत्ताच बोलून ठेवा. आयत्या वेळी फोनवर ठरवायला गेलं की रडारड होते.

रात्रपाळी

हजेरीचं मान्य. माझा नवरा एका वर्षी म्हणाला होता, "शिमग्याला येशील ना?" आणि माझी तेव्हा बाळंतपणाच्या वॉर्डात पोस्टिंग. नाही गेले. तो पालखीचा व्हिडिओ पाठवत राहिला आणि मी इकडे कळा मोजत होते.

अजून एक, कागदांचं. तुझ्या दहावी-बारावीवर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र तयार ठेव, आणि नाव बदलाचं राजपत्र लागेल का, हे ऑफिसात आत्ताच विचार. तीन वर्षांनी मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करताना प्रत्येक कागदावर एकच नाव असलं की त्रास वाचतो. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्रही बहुतेक मागतील.

कुणकेश्वरची सून

ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद आहे, प्रमाणपत्र शोधते. मांड्या आवळून बघितल्या, मुलगा विचारतोय आई काय करतेस. रक्तदाब मोजायची सवय आधीच करावी का? बाजारात बटणाचं मशीन मिळतं ते घेऊ?

खडू आणि फळा

बटणाचं नको, त्याने कान तयार होत नाही. काटा असलेलं आणि स्टेथोस्कोप लावायचं घे, पण शाळेतून यादी मिळेपर्यंत थांब. तोवर सेकंदकाट्याचं साधं घड्याळ घे आणि सासूबाईंची नाडी मोज. पाच मिनिटं बसवून, पूर्ण एक मिनिट, मनगटावर दोन बोटं. अंगठा लावायचा नाही, स्वतःचीच नाडी मोजली जाते. मोठ्या माणसाची ६० ते १०० मध्ये यायला हवी. मग श्वास मोज, पण त्यांना न सांगता. सांगितलं की माणूस श्वास वेगळा घ्यायला लागतो.