पोस्टग्रेस १३ वरून १८ वर जायचंय, मशीनही बदलतंय. डेटा डिरेक्टरी उचलून नेली तर चालेल का?

पानोपान

नमस्कार मंडळी. आमच्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद नोंदणी, देवघेव आणि ग्रंथसूची सगळं पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या १३ व्या आवृत्तीवर आहे. मशीन सेंटओएस ७, डेटाबेस साधारण ६० जीबी, कारण मुखपृष्ठांची स्कॅनही आतच ठेवली आहेत. १३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला, सेंटओएस ७ चा तर जून २०२४ मध्येच. नव्या मशीनवर डेबियन १२ टाकलंय, थेट १८ घ्यायचा विचार आहे.

मशीन देणाऱ्यांचं म्हणणं असं, की डेटा डिरेक्टरी (पोस्टग्रेसच्या फायलींचा फोल्डर) आरसिंक करू, म्हणजे जशीच्या तशी नकलू, तिथे १३ सुरू करू आणि मग पीजी_अपग्रेड (त्याच फायलींवर आवृत्ती बदलणारं साधन) चालवू, तासाभराचं काम. सोमवारी वाचनालय बंद असतं, म्हणजे एक दिवस हातात आहे. असं करावं का? आणि १८ मध्ये आमच्यासारख्या लहान जागेला उपयोगाचं काय आहे?

बीट्री

आरसिंक नको. सगळं चालतंय असं दिसेल, म्हणूनच नको.

सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, अक्षरांचा क्रमही तीच ठरवते) २.१७ आहे, डेबियन १२ मध्ये २.३६. मध्ये २.२८ ला, म्हणजे २०१८ साली, अक्षरं लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. तुमचा डेटाबेस 'ईएन_यूएस यूटीएफ-८' वर असेल (बहुतेकांचा असतो), तर मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स (शोध जलद व्हावा म्हणून क्रमाने लावलेल्या याद्या) जुन्या नियमांनी रचलेले आहेत. दोन्ही मशीनवर कमांड लाइनला '१-१' आणि '११' या दोन ओळी इंग्रजी आकड्यांत टाइप करून सॉर्ट लावून बघा. जुन्यावर '११' आधी येईल, नव्यावर '१-१'. सभासद क्रमांकात डॅश आहे का तुमच्याकडे? असला तर नवं मशीन इंडेक्सच्या भलत्याच पानावर शोधेल, सभासद सापडणार नाही, आणि काउंटरवरचा माणूस त्याच क्रमांकाने नवी नोंद करेल. युनिक इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारा) अडवणार नाही, कारण त्यालाही जुनी नोंद दिसत नाही. एररही येत नाही. एका पतसंस्थेत हे नेमकं असंच झालेलं मी निस्तरलंय. दुहेरी खाती शोधून एकत्र करणं हे सर्व्हर बंद पडण्यापेक्षा फार वाईट काम आहे, कारण त्यात कुणाचे तरी पैसे असतात.

पीजी_अपग्रेड इंडेक्सच्या फायली आहेत तशाच पुढे नेतं, त्यामुळे तेही वाचवणार नाही. रीइंडेक्स केलं, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधले, तर निभेल, पण ६० जीबीला डंप आणि रिस्टोअरच (डेटा बाहेर काढून नव्यात भरणं) बरं. नव्या मशीनवरून १८ चा पीजी_डंप जुन्या सर्व्हरला जोडा, डिरेक्टरी फॉरमॅट घ्या, चार जॉब द्या. रोल (डेटाबेसची वापरकर्ता खाती) आणि पासवर्ड डंपमध्ये येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑल 'ग्लोबल्स ओन्ली' वेगळं. रिस्टोअरमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात, फुगलेली टेबलं आटोपशीर होतात आणि १८ मध्ये डेटा चेकसम (डिस्कवरचा बिघाड ओळखणारे आकडे) मुळातच चालू असतात ते फुकटात मिळतात. शेवटी प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, आकडेवारी मिळावी म्हणून व्हॅक्यूमडीबीने अ‍ॅनालाइझ करायचं, नाहीतर मंगळवारी सकाळी प्रत्येक क्वेरी रांगेल.

याची रंगीत तालीम आधीच्या आठवड्यात जुनं मशीन चालू ठेवून करा. युनिक इंडेक्स बांधताना अडलं, तर डुप्लिकेट आधीपासूनच आहेत हे तेव्हाच कळेल.

आणि पासवर्ड. १३ मध्ये ते डीफॉल्टने एमडी५ मध्ये साठवले जात, १४ पासून स्क्रॅम या नव्या पद्धतीत. जुना एमडी५ हॅश जसाच्या तसा येतो, पण नव्या पीजी_एचबीए फायलीत (कुणी कसं लॉगिन करायचं ते तिथे ठरतं) पद्धत स्क्रॅम लिहिलेली असते, म्हणून योग्य पासवर्डलाही नकार मिळतो. १८ मध्ये एमडी५ अजून चालतं, पण ते काढून टाकणार हे जाहीर झालंय. प्रत्येक रोलला पासवर्ड नव्याने द्या. अ‍ॅप जावाचं असेल तर जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा) ४२.२.० च्या आधीचा नाही ना, ते बघा, त्याला स्क्रॅम येत नाही.

रात्रपाळी

बीट्री यांच्याशी सहमत. डेटा टेराबाइटमध्ये असता आणि ओएस तेच राहणार असतं तर मात्र मी पीजी_अपग्रेडच म्हटलं असतं. १८ पासून ते प्लॅनरची आकडेवारी सोबत नेतं, त्यामुळे अपग्रेडनंतरचे सुस्त तास बरेच टळतात. जुन्या क्लस्टरला (एका सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांच्या संचाला) चेकसम नसतील तर नवा क्लस्टरही 'नो डेटा चेकसम्स' देऊन बनवावा लागतो, नाहीतर तपासणीतच थांबतं.

उपयोगाचं काय, तर माझ्या मते बॅकअप. १७ पासून पीजी_बेसबॅकअप इन्क्रिमेंटल घेतं. 'समराइझ_वॉल' ही सेटिंग चालू करा, रविवारी पूर्ण बॅकअप, रोज रात्री फक्त बदललेले ब्लॉक. तुमची स्कॅन बदलत नाहीत, म्हणजे रोजचा बॅकअप अगदी लहान होईल. मात्र रिस्टोअरच्या आधी पीजी_कंबाइनबॅकअपने सगळे तुकडे जोडावे लागतात आणि साखळीतला एक जरी हरवला तरी पुढचे कामाचे नाहीत. महिन्यातून एकदा जोडून, सुरू करून बघाच.

असिंक्रोनस आयओचा (एक वाचन संपायची वाट न बघता पुढचं मागणं) १८ मध्ये फार गाजावाजा आहे. 'वर्कर' पद्धत डीफॉल्टने चालू असते, ती तशीच राहू द्या. फायदा अख्खं टेबल वाचणाऱ्या क्वेरींच्या आणि व्हॅक्यूमच्या (जुन्या नोंदींच्या साफसफाईच्या) वाचनाला, देवघेवीच्या एकेका नोंदीला फरक जाणवणार नाही.

पानोपान

दोघांचे मनापासून आभार. सॉर्ट लावून बघितलं, सांगितलंत तसंच आलं! आणि हो, सभासद क्रमांकात डॅश आहे. आरसिंक रद्द.

क्रमाचा विषय निघालाच आहे तर एक जुनं दुखणं सांगते. लेखकसूचीत काळे आधी येतात, मग कावळे, मग काशीकर. क्षीरसागर कुलकर्णींच्या मागे, खऱ्यांच्या आधी. आमचे जुने ग्रंथपाल छापील सूची हाताने लावून घ्यायचे, 'ळ' 'ह'च्या नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' अगदी शेवटी. वाचकही तसंच शोधतात. हे पोस्टग्रेसला शिकवता येईल का?

बीट्री

त्याला ते आधीच येतं. आयसीयू या लायब्ररीच्या (तिच्यात भाषांचे क्रमनियम असतात) मराठी नियमात 'ह'नंतर 'ळ', मग 'क्ष', मग 'ज्ञ' असाच क्रम आहे आणि पोस्टग्रेसमध्ये 'एमआर-एक्स-आयसीयू' नावाचं कोलेशन (अक्षरांचा क्रमनियम) तयार असतं. सूचीच्या क्वेरीत ऑर्डर बायनंतर कोलेट म्हणून ते नाव द्या. कावळे, काशीकर, काळे असं येईल आणि क्षीरसागर हळब्यांच्याही मागे जातील.

अख्ख्या डेटाबेसला मात्र ते लावू नका. मी असं करेन: डंप भरण्याआधी नवा डेटाबेस 'टेम्प्लेट०' या कोऱ्या साच्यावरून बनवायचा, लोकेल प्रोव्हायडर 'बिल्टइन' आणि लोकेल 'सी.यूटीएफ-८'. ही सोय १७ मध्ये आली. यात क्रम पोस्टग्रेसच्या स्वतःच्या हातात असतो, उद्या डेबियन बदललं तरी सभासद क्रमांकाचा इंडेक्स हलत नाही. मराठी कोलेशन फक्त लेखक आणि शीर्षक या दोन कॉलमच्या सूचीला, आणि त्यासाठी वेगळा इंडेक्स. आयसीयूची आवृत्ती बदलली तर पोस्टग्रेस इशारा देतं. तेव्हा तेवढे दोन इंडेक्स रीइंडेक्स करायचे आणि मगच कोलेशनची 'रिफ्रेश व्हर्जन' द्यायची. उलट क्रमाने केलं तर इशारा जातो, बिघाड राहतो.

बिल्टइनमध्ये इंग्रजी नावं मोठी अक्षरं आधी, छोटी नंतर अशी लागतील. इंग्रजी पुस्तकांची सूची वेगळी छापत असाल तर तिथेही कोलेट द्यावं लागेल.

शाखा किती आहेत तुमच्या? देवघेवीच्या टेबलावर शाखा आणि तारीख असा जोडइंडेक्स असेल आणि शाखा मोजक्याच असतील, तर १८ मध्ये नुसत्या तारखेने शोधलं तरी प्लॅनर तो इंडेक्स वापरू शकतो. तालमीच्या दिवशी थकीत पुस्तकांच्या क्वेरीला, ती कशी चालली ते दाखवणारं, एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावून ते आउटपुट इथे टाका, मी बघतो.