हिस्टोग्रॅम ताणण्याआधी स्कॅनर बघा

एकाच रुग्णाच्या दातांच्या दोन वेळच्या एक्स-रे फिल्म स्कॅन केल्यावर उजळपणा जुळत नाही, म्हणून काहीजण हिस्टोग्रॅम इक्वलायझेशन (कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत ते मोजून छटा आपोआप पसरवणं) सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या पद्धतीला दात कुठला, हाड कुठलं हे कळत नाही. ती फक्त पिक्सेल मोजते. दुसऱ्या फिल्मवर धातूची कॅप आली की पांढरे पिक्सेल वाढतात आणि त्या हिशोबात मधल्या करड्या छटा गडद होतात. मग दोन दातांमधलं हाड विरळ झाल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते जसंच्या तसं असतं. अशा चित्रावरून कुणी उपचार ठरवले तर?

आधी स्कॅनरचं ऑटो एक्स्पोजर (प्रत्येक स्कॅनचा उजळपणा आपोआप बदलणारी सोय) बंद करा, बराच घोळ तिथेच होतो. स्कॅन १६ बिटचा घ्या. ८ बिटमध्ये २५६च छटा मिळतात, आणि नंतर गडद भाग उजळवला की पट्टे उमटतात.

फिल्म काढताना शेजारी अॅल्युमिनियमची स्टेप वेज (पायरीपायरीने जाड होत जाणारी पट्टी) ठेवलेली असेल तर फारच उत्तम. प्रत्येक पायरीची जाडी ठाऊक असल्याने करड्या छटेला थेट अॅल्युमिनियमच्या मिलिमीटरमध्ये मोजता येतं. जुन्या फिल्मवर ती बहुधा नसतेच. तिथे मी दोन्ही चित्रांत न बदललेले भाग निवडते: कीड न लागलेल्या दाताचं डेंटिन (इनॅमलच्या आतला थर), फिल्मची मोकळी काळी जागा. तेवढ्याच भागांच्या छटा जुळवून निघालेला वक्र (कुठली छटा बदलून कुठली करायची ते सांगणारा) पूर्ण चित्राला लावते. आणि मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, दुरुस्ती नेहमी प्रतीवरच.