मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात आणि नंतर साइड ग्रुपवर भडका, काय करावं?

नवी_घडी
हल्लीच एका टीमची जबाबदारी माझ्याकडे आलीये. इथे आधीपासून पद्धतच पडलीये की मीटिंगमध्ये काहीही विचारा, सगळे माना डोलावणार, "चालेल", "काही प्रॉब्लेम नाही", आणि मीटिंग संपली रे संपली की वेगळ्या ग्रुपवर खदखद सुरू. त्या ग्रुपवर मी नाही, पण त्यातलंच कोणीतरी येऊन मला सांगतं की अमका असं म्हणाला, तमकीला तुमचं पटलेलं नाही. मध्यंतरी डेडलाइन अलीकडे घ्यायचं ठरलं, सगळ्यांनी होकार दिला, आणि काम अर्ध्यात आल्यावर कळलं की टेस्टिंगवाल्यांना पहिल्यापासून माहीत होतं हे जमणार नाही. राग नाही आला, वाईट वाटलं, कारण बोलून काही उपयोग होईल असं त्यांना वाटलंच नाही. वरवर बघितलं तर गुण्यागोविंदाने नांदणारी टीम, कुठे आवाज चढत नाही. लोकांना बोलतं कसं करायचं? आणि तो साइड ग्रुप बंद करायला सांगू का?

रानवाट
ग्रुपच्या भानगडीत अजिबात पडू नका, हा बंद केलात तर दुसरा निघेल आणि आत्ता तुमच्या कानावर जे येतंय तेही थांबेल.

बोलण्याचं म्हणाल तर विमानवाल्यांनी हे फार मोठी किंमत मोजून शिकलंय. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएमचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला बडा माणूस, इतर पायलटना ट्रेनिंग देणारा. विमान धावायला लागल्यावर त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की ते पॅन ॲमचं अजून बाजूला झालेलं नाहीये का, कॅप्टन ठामपणे म्हणाला झालंय, आणि विषय तिथेच मिटला. शंका बरोबर होती हो, पण ती एकदाच आणि प्रश्नासारखी विचारली गेली. रेडिओवरही दोन जण एकाच वेळी बोलल्यामुळे महत्त्वाचे शब्द नीट ऐकू आले नव्हते, म्हणजे कारणं बरीच होती, पण अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर वर्कशॉप घेतलं आणि क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं ट्रेनिंग उभं राहिलं. त्यात ज्युनिअरला शिकवतात की शंका सोडायची नाही, उत्तर पटलं नाही तर पुन्हा स्पष्ट शब्दांत सांगायचं, आणि कॅप्टनला शिकवतात की ती मागून घ्यायची. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सरळरेघ
रानवाट, मुद्दा पटतो पण अर्धाच. "लोकांनी बोललं पाहिजे" म्हटलं की सगळं ओझं खालच्या माणसावर जातं. नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाचं आठवा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे इंजिनिअर नासाबरोबरच्या कॉलवर बोलले होते, चांगले तास न् तास बोलले होते, की इतक्या थंडीत बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग नीट बसणार नाहीत, उड्डाण नको. नासाकडून नाराजी आली, मग कंपनीच्या मॅनेजर लोकांनी आपसात बोलायला वेळ मागितला आणि त्यात इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला दुसऱ्या मॅनेजरने सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. निर्णय फिरला. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले.

तिथे गप्प कोणी नव्हतं. एरवी "सुरक्षित आहे" हे सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री "सुरक्षित नाही" हे सिद्ध करायची वेळ इंजिनिअरांवर आली. तुमच्या मीटिंगमध्ये पण बघा, नाही म्हणणाऱ्याकडेच पुरावा मागितला जातो का? तसं असेल तर माणसं दोनदा सांगून बघतात आणि मग मूग गिळून बसतात, त्यात त्यांची चूक नाही. जिथे नाही म्हणणाऱ्यावर डूख धरला जातो तिथे मी कोणालाही मोकळेपणाने बोल असा सल्ला देणार नाही.

पाटकरी
मी जरा ऑफिसच्या बाहेरचं सांगते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी जगभरातले लोक सामायिक पाणी, जंगल, मासे कसे सांभाळतात हे अभ्यासलं. जिथली व्यवस्था पिढ्यान् पिढ्या टिकली तिथे तंटे नव्हते असं नाही, तंटे होतेच, पण ते पटकन आणि फारसा खर्च न करता सोडवायची जागा होती. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं पाणी न्यायालय त्यातलंच. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी कालव्यांचे प्रतिनिधी बसतात, तेही शेतकऱ्यांनीच निवडलेले, कोणी कोणाचं पाणी चोरलं, कोणी पाट साफ ठेवला नाही अशा तक्रारी सगळ्यांसमोर तोंडीच मांडल्या जातात आणि निकालही तिथल्या तिथे लागतो. तक्रार नसली तरी ते बसतात, हे मला फार आवडतं. मतभेदासाठी ठरलेला वार आहे, त्यामुळे तक्रार करणारा माणूस भांडखोर ठरत नाही.

तुमच्याकडे मतभेदाला जागाच नाहीये, म्हणून तो साइड ग्रुपवर जाऊन बसलाय. त्याला मीटिंगमध्येच जागा द्या, दर वेळी, काही अडचण असो वा नसो.

नवी_घडी
सगळ्यांचे मनापासून आभार, पुरावा कोणाकडे मागितला जातो हा मुद्दा डोक्यात बसला. अजून एक विचारते, दोन सीनिअर एकमेकांशी सरळ बोलतच नाहीत, सगळं मेलवर आणि त्यात दहा जणांना कॉपी, त्यामुळे साधा कामाचा मतभेद निघाला तरी बाकीचे घाबरून गप्प होतात की आता यांचं जुंपणार. हे घोंगडं आधीपासून भिजत पडलंय. याचं काय?

मधलीसुट्टी
तिघांशीही सहमत. त्या दोघांबद्दल माझा अनुभव असा की कामावरचा वाद आणि माणसावरचा राग हे आधी वेगळे करावे लागतात, कारण पहिला योग्य वेळी झाला तर कामाला बरा असतो, दुसरा कधीच नसतो, पण पहिला तुंबला की त्याचाच दुसरा होतो. आणि मेलवर तर हे हमखास होतं, आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही, साधं "कृपया लक्ष द्यावे" पण टोमणा वाटतं, त्यात दहा जण बघतायत म्हटल्यावर माघार कोण घेणार.

लगेच दोघांना समोरासमोर बसवू नका, वरून "मिटवून टाका" असं तर अजिबात म्हणू नका. आधी एकेकाला वेगळं भेटा आणि काय हवंय एवढंच नको, का हवंय ते विचारा. मेरी पार्कर फॉलेट म्हणून एक विचारवंत होत्या, १९२५ मध्ये त्यांनी एक साधं उदाहरण दिलं होतं, लायब्ररीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद, मग शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्या माणसाला हवा पाहिजे होती आणि त्यांना अंगावर वारा नको होता, ही खिडकी उघडी की बंद यावर अडून बसायचं कारणच उरलं नाही. यात कोणी अर्धं अर्धं सोडलं नाही. सगळे वाद असे सुटत नाहीत, कधी खरोखर एकाच खुर्चीवर दोघांचा डोळा असतो आणि मग निर्णय तुम्हालाच द्यावा लागतो, कारणासकट, दोघांसमोर. पण बरेचदा "का" विचारायचंच राहून गेलेलं असतं.

आणि एक नियम आजपासून करता येईल, एकाच विषयावर मेल दोनदा इकडून तिकडे गेला की तिसऱ्या वेळी फोन उचलायचा, तोही कॉपीतले दहा जण बाजूला ठेवून, आणि जे ठरलं ते दोघांपैकी एकाने दोन ओळींत लिहून पाठवायचं.